आल्टोची वही

आमच्या पिढीला गायला शिकवलं ते क्वायरमास्तरांनी. आठवडाभर ते कुठल्यातरी शाळेत गणित-इंग्रजी शिकवत, पोस्टात नाहीतर रेल्वेत नोकरी करत, आणि शनिवारी संध्याकाळी चर्चला लागून असलेल्या खोलीत आमची तालीम घेत. फी नव्हती, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र तर नव्हतंच. अहमदनगर असो (आता अहिल्यानगर), पुणं असो की सोलापूर, मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या मुलामुलींचं गाण्याचं शिक्षण साधारण असंच व्हायचं. शब्बाथशाळेत सगळ्यांबरोबर म्हणता म्हणता एखादा आवाज मास्तरांच्या कानात भरायचा आणि घरी निरोप यायचा, "पोरीला शनिवारी क्वायरला पाठवा."

आज पोरगी स्वतःच कोच शोधून काढते. तिला चर्चच्या वर्शिप टीममध्ये गायचं असतं. ती दोघातिघांचे व्हिडिओ बघते, चौकशी करते, महिन्याची फी फोनवरून भरते आणि ठरलेल्या वेळी हजर होते. पहिल्याच दिवशी कोच तिला विचारतो, "तुला काय गायला आवडतं?" आम्हाला हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. मास्तर एक ओळ म्हणायला लावत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "तू आल्टो," म्हणजे बायकांतला खालचा आवाज. हा निकाल बहुतेकदा जन्मभराचा असायचा. कितीतरी जणींचा आवाज पुढे वर चढला असता, पण त्या आल्टोतच म्हाताऱ्या झाल्या. आणि तरी त्या "तू आल्टो"त मोठा दिलासा होता. आपल्यासाठी रांगेत एक जागा आहे आणि आपण गेलो नाही तर ती रिकामी दिसेल, असं वाटायचं. हे वाटणं कितपत खरं आणि कितपत आजच्या वयाचं, याचा हिशेब मला नीट लागत नाही.

तालीम ट्यूनिंग फोर्कने सुरू व्हायची. मास्तर खिशातून तो दोन दातांचा पोलादी काटा काढत, गुडघ्याच्या वाटीवर टक्कन मारत आणि त्याचं बूड टेबलाच्या फळीवर टेकवत. त्याबरोबर सगळं टेबल घुमायला लागायचं. सेकंदाला ४४० कंपनं, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा. तिथून मास्तर मनातल्या मनात उतरत उतरत गीताच्या पट्टीवर येत आणि एकेका आवाजाला त्याचा सूर देत. खालून वर: आधी बेस, मग टेनर, मग आल्टो, शेवटी सोप्रानो. चौघांनी आपापला सूर ओठ मिटून धरायचा. अजून एक शब्दही म्हटलेला नसायचा, पण चार सुरांचा मेळ खोलीत उभा राहिलेला असायचा. मास्तर तो घाईने मोडत नसत. काही क्षण तसाच राहू देत. आल्टो किंचित उतरली असेल तर त्यांची नुसती भुवई वर जायची, आणि आम्ही सूर वर सरकवायचो.

आता कानातल्या इअरपीसमध्ये क्लिक वाजतो आणि चार टोल्यांनंतर बॅकिंग ट्रॅक सुरू होतो. पट्टी आधीच ठरलेली, लय आधीच ठरलेली. यात जे चांगलं आहे ते आम्ही मोकळेपणी मान्य करायला हवं. आमचा क्वायर वाद्यांशिवाय गायला लागला की चौथ्या कडव्यापर्यंत चांगला अर्धा सूर खाली घसरायचा. मग ऑर्गनवाल्याने आमेनचा सूर दाबला की ती घसरण अख्ख्या मंडळीला ऐकू जायची. ट्रॅक कधी घसरत नाही. पण ट्रॅक कोणासाठी थांबतही नाही. एखाद्या कडव्यावर मंडळीतल्या कोणाला भरून आलं, तर मास्तर हात वरच्या वर धरून ठेवत आणि पुढची ओळ सावकाश येऊ देत. हे हात धरून ठेवणं आता कोणाच्या हातात राहिलेलं नाही.

मास्तर शिकवत ती लिपी टॉनिक सोल्फाची. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेची ती मूळ कल्पना. जॉन कर्वेन या पाळकाने १८४०च्या दशकापासून तिला घडवलं आणि रूढ केलं. शब्बाथशाळेतल्या मुलांना आणि कामकरी माणसांना पाच रेघांचं नोटेशन न शिकताही चार आवाजांत गाता यावं, ही त्यामागची तळमळ. मिशनऱ्यांबरोबर ती लिपी जगभर गेली. डो, रे, मी यांची नुसती आद्याक्षरं लिहायची, दोन मात्रांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची, अर्ध्या मात्रेला एक टिंब, सूर लांबवायचा असेल तर आडवी रेघ. यातला डो कुठल्याही पट्टीवर धरता येतो, अगदी आपल्या सासारखा. त्यामुळे ज्या पोरांच्या कानावरून सारेगम गेलेलं असायचं त्यांना ही लिपी चटकन उमगायची. अडायचं ते मायनर गीतांपाशी. कर्वेनच्या पद्धतीत तिथे 'ला' हा मुक्कामाचा सूर होतो, आणि आमचे कान मुक्कामाला सा म्हणणारे. मास्तर पेटीवर दोन्ही वाजवून दाखवत, आमच्या चेहऱ्यांकडे बघत, पुन्हा वाजवत.

छापील पुस्तकं सगळ्यांना परवडायची नाहीत, म्हणून वह्या असायच्या. प्रत्येकीच्या वहीत फक्त तिचाच आवाज. आल्टोच्या वहीत सोप्रानोची चाल नाही, टेनरच्या वहीत आल्टो नाही. कार्बन घालून लिहिलेल्या प्रतींतली शेवटची प्रत नेहमी पुसट, आणि ती सर्वांत लहान मुलीच्या वाट्याला. वर जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर. समासात मास्तरांच्या तिरप्या अक्षरात सूचना: 'इथे श्वास नको', 'हळू', 'टेनरला ऐका'. ही शेवटची सूचना माझ्या वहीत पानापानावर आहे. कारण उघड होतं. आल्टोची ओळ एकटी म्हटली तर तिला चालच नसते. दोन-तीन सुरांवर ती रेंगाळत राहते, कधी अख्खी ओळ एकाच सुरावर. बाकीचे तीन आवाज कानात आले तरच त्या सुराला अर्थ येतो.

गोव्यातली परंपरा याहून कितीतरी जुनी. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून मेस्त्रे, म्हणजे तिथले मास्तर, मुलांना सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकवत. तिथला डो मात्र एकाच जागी पक्का बांधलेला, आणि छडीचा धाकही असायचा. त्या शाळांतून तयार झालेल्या हातांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल ज्यांच्याकडे शिकले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले.

आज कोचकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना सोल्फा येत नाही आणि पाच रेघाही येत नाहीत. शब्दांवर कॉर्डची अक्षरं लिहिलेला कागद आणि यूट्यूबची लिंक, एवढ्यावर गाणं बसतं. हार्मनी हवी असेल तर प्रत्येक आवाज सुटा ऐकवणारी अॅप्स आहेत. ऐकून ऐकून मुलं तो पाठ करतात. वाचता येत नाही म्हणून नाक मुरडण्याआधी आम्ही एक आठवावं. सोन्यासारखा कान असलेल्या कितीतरी बाया केवळ अक्षरओळख नव्हती म्हणून आमच्या क्वायरमध्ये कधी उभ्याच राहिल्या नाहीत. त्या मागच्या बाकावर बसून गायच्या, आणि अनेकदा आमच्यापेक्षा सुरात गायच्या. आजची फोनवरची पद्धत त्यांना चालली असती. शिवाय ज्याला पद्धतशीर शिकायचं आहे त्याच्यासाठी वाट आता रुंद आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडे पूर्वीपासून व्हायच्या, मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोजच्या दुकानात त्यांची पुस्तकं मिळायची. पण त्या पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्याच्या. २०१२ पासून ट्रिनिटीने रॉक अँड पॉपच्या परीक्षा सुरू केल्या आणि गिटार, ड्रम्सच्या जोडीने त्यांत गायनही आलं.

आवाजाच्या प्रकृतीबद्दल आमच्या मास्तरांना जवळजवळ काही ठाऊक नव्हतं. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण ते जीव ओतून शिकवत. "पोटातून गा," एवढं ते सांगत. पोटातून म्हणजे नेमकं कसं, हे विचारायची पद्धत नव्हती. श्वासपटल श्वास आत घेण्याचं काम करतं, आणि घेतलेला श्वास जपून सोडण्याचं काम बरगड्यांमधल्या नि पोटाच्या स्नायूंचं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घसा बसला की ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या. गिळलेला पदार्थ स्वरतंतूंवरून जातच नाही, तो मागच्या अन्ननलिकेतून उतरतो, आणि स्वरतंतूंना चुकून थेंब लागला तर ठसका लागतो, हेही कोणी सांगितलं नाही. खरं तर गाताना स्वतःचे स्वरतंतू आरशांच्या मदतीने पाहिले ते एका गाण्याच्या शिक्षकानेच, मॅन्युएल गार्सिया यांनी, १८५४ साली. ते ज्ञान आमच्या तालमीच्या खोलीपर्यंत यायला सव्वाशे वर्षंही पुरली नाहीत. नाताळाच्या आठवड्यात बसलेल्या घशाने गात राहून आवाज कायमचा घोगरा झाला, अशा मुली आम्ही पाहिल्या. "तिचा आवाज गेला," असं म्हणायचे, जणू ते तिच्या नशिबात होतं. मुलांचं आणखी वेगळं. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटला की मास्तर म्हणत, "आवाज ठरू दे, मग ये." ठरेपर्यंत तो मुलगा मैदानात रमायचा नाहीतर कामाला लागायचा आणि परत यायचा नाही. आमची टेनरची रांग कायम तोकडी असायची ती यामुळे.

आजच्या कोचच्या खोलीत भिंतींना फोम लावलेला असतो, एक आरसा असतो आणि टेबलावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला. मुलगी स्ट्रॉ पाण्यात दोन बोटं खोल धरते आणि त्यातून 'ऊ' म्हणत खालच्या सुरापासून वर जाते, पुन्हा सावकाश खाली येते. पाण्यात बुडबुडे उठत राहतात. बुडबुडे एकसारखे असले की श्वास एकसारखा आहे. मध्येच ते उसळले किंवा थांबले, तर छातीचा आवाज डोक्याच्या आवाजाकडे वळतो त्या जागी काहीतरी अडतंय. स्ट्रॉच्या अरुंद तोंडामुळे हवेचा थोडा दाब आत राहतो आणि स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटत नाहीत. इंगो टिट्झ या अमेरिकन आवाजशास्त्रज्ञांनी या व्यायामाचा पुष्कळ प्रसार केला. कोच काही बोलत नाही, बुडबुडे बघत राहतो. एखादीचा आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला राहिला तर तो गाणं थांबवतो आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवतो. आवाज फुटलेल्या मुलाला घरी न पाठवता, त्याला जेवढे सूर जमतात तेवढ्यात गात ठेवतो. यातलं निम्मं जरी आमच्या वेळी असतं, तरी किती आवाज वाचले असते!

याहून खोल गेलेला एक फरक आहे आणि त्याबद्दल आमच्या पिढीत फारसं बोललं जात नाही. मास्तरांच्या कानातला आदर्श आवाज विलायती चर्चमधल्या मुलांचा होता: पातळ, स्वच्छ, डोक्यातून येणारा, न थरथरणारा. आमच्या आया तशा गात नव्हत्या. त्या छातीतून गात, खुल्या, रुंद, जराशा नाकाकडे झुकणाऱ्या आवाजात. जात्यावर तोच आवाज, शेतात तोच, भजनात तोच. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी हलगी, सनई, डफ वाजवणारी माणसं होती. गावाचं कुठलंच कार्य त्यांच्यावाचून पार पडत नसे. अशा घरातली मुलगी क्वायरमध्ये आली की तिला पहिली सूचना मिळायची, "ओरडू नकोस." मग आम्ही आवाज पातळ करायला शिकलो, आणि पातळ आवाज तोच चांगला असं समजायलाही शिकलो. घरी आई मोठ्याने भजन म्हणायला लागली की खिडकी लोटून घ्यावीशी वाटायची. हा संकोच आम्हाला शिकवला गेला. शिकवणाऱ्यांनी तो प्रेमानेच शिकवला, म्हणून तो ओळखायला इतकी वर्षं लागली.

दुसरा मार्ग दाखवणारे नव्हते असं नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मृत्यू १९१९ सालचा. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला आपल्या भाषेच्या वळणाने, अभंगांत आणि पदांत गाता येईल असं इतकं लिहून ठेवलं की 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडताच ठायी ठायी त्यांचं नाव भेटतं. ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही नगर भागात रुजली. पण रविवारची मुख्य उपासना म्हटली की चार आवाज आणि ऑर्गन, आणि पेटी-तबला-झांज म्हटली की संध्याकाळची सभा, वस्तीवरचं भजन, खेड्यातली फेरी. कॅथलिक चर्चमध्ये तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेची वाट मोकळी करेपर्यंत मिस्साच लॅटिनमधून व्हायचा. आमच्याकडे कोणी उघड बोलून दाखवलं नाही, पण ऑर्गनचं गाणं वरच्या मानाचं आणि पेटीचं खालच्या मानाचं, हे लहान मुलालाही कळायचं.

समकालीन गायन शिकवणाऱ्यांनी हे बदललं, आणि याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. २००८ साली अमेरिकेतल्या गायनशिक्षकांच्या अकादमीने जाहीरपणे म्हटलं की पॉप, रॉक, गॉस्पेल अशा गाण्यांना त्यांचं स्वतःचं तंत्र हवं, शास्त्रीय तालमीने ती गरज भागत नाही. त्याआधीपासून न्यूयॉर्कच्या जेनेट लव्हेट्री आणि डेन्मार्कच्या कॅथरीन सॅडोलिन यांच्यासारख्या शिक्षिका हेच काम करत होत्या. छातीचा जोरकस आवाज, ज्याला आता सगळे बेल्टिंग म्हणतात, तो घशाला इजा न करता कसा लावायचा हे आज रीतसर शिकवलं जातं. पुण्यात एका कोचच्या वर्गात मी बसले होते. जालन्याकडून आलेली एक मुलगी नव्या धाटणीचं वर्शिप गाणं अगदी हलक्या, पुसट आवाजात म्हणत होती. कोचने विचारलं, "घरी कोण गातं गं?" ती म्हणाली, "आजी. भजनात." "मग ही ओळ आजीसारखी म्हण बघू." ती लाजली. मान खाली घालून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज छातीत उतरला, खुला झाला, आणि तिची मान आपोआप वर आली. कोचने त्यात एवढीच दुरुस्ती केली, की हनुवटी पुढे काढू नको, जबडा सैल सोड. आमच्या मास्तरांनी हाच आवाज ऐकून तिला गप्प केलं असतं. मास्तरांवर माझं प्रेम आहे, तरी हे मला नाकारता येत नाही.

फक्त, त्या मुलीच्या शेजारी कोणी उभं नव्हतं.

इथे माझी हळहळ सुरू होते, आणि मला वाटतं ती निव्वळ वयाची नाही. कोच एका वेळी एकीला शिकवतो. ती आरशात स्वतःला बघते, फोनवर स्वतःला ध्वनिमुद्रित करते, हेडफोनमध्ये स्वतःला ऐकते. रविवारी स्टेजवरही प्रत्येकाच्या कानात वेगळं मिश्रण असतं. जिला स्वतःचा आवाज जास्त हवा ती तो वाढवून मागते, बाजूच्याचा नको असेल तर कमी करून घेते. आमच्याकडे कमी करायची सोयच नव्हती. डावीकडची बाई जोरात गायची, उजवीकडची मागे पडायची, आणि या दोघींच्या मधून आपला सूर काढायचा. 'टेनरला ऐका' ही सूचना पाळल्याशिवाय गाणं उभंच राहत नसे. रागावलेल्या, अबोला धरलेल्या माणसांनाही शनिवारी एकमेकांना ऐकावं लागायचं. आवाज स्वतंत्रपणे घडवायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळायला या मुलांना क्वचितच कोणी शिकवतं.

गाणीही तशीच बदलली. सिडनीच्या हिलसाँगसारख्या चर्चमधून १९९०च्या दशकापासून जी गाणी जगभर पसरली आणि ज्यांच्या धर्तीवर आता हिंदी-मराठीत नवी गाणी होतात, ती मुख्यतः एका लीडरच्या गळ्यासाठी रचलेली असतात. पहिलं कडवं खालच्या सप्तकात कुजबुजल्यासारखं, आणि शेवटचं धृपद एकदम वरच्या सप्तकात. लीडरच्या आवाजाची सगळी ताकद त्यात दिसते, कोच तेच घोटून घेतो, आणि ऐकायला ते खरंच अंगावर काटा आणतं. पण बाकावरच्या काकांना खालचं खूप खाली पडतं आणि वरचं खूप वर. ते टाळ्या वाजवतात. जुन्या गीतांची चाल बहुतेक एका सप्तकात, फार तर एखाद-दोन सूर इकडे-तिकडे. तीही झेपली नाही तर खाली बेस होता, मध्ये आल्टो होती. चर्चच्या मागच्या कोपऱ्यातून कोणी न सांगता आल्टो धरणारी एखादी मावशी प्रत्येक मंडळीत असायची. त्यात भर अशी की १९९७ साली ऑटो-ट्यून बाजारात आलं. तेव्हापासून ध्वनिमुद्रणातला सूर यंत्राने सरळ करता येतो. असं गाणं ऐकत वाढलेल्या मुलीला स्वतःचा साधा, जिवंत, किंचित हलणारा सूर सदोष वाटतो. चांगले कोच पहिले काही आठवडे तिला एवढंच पटवण्यात घालवतात, की तुझ्या आवाजात काही बिघडलेलं नाही.

उच्चारांबद्दल मात्र मी जुन्यांच्या बाजूने ठाम आहे. मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो, पण त्यावर लांब सूर आला की तो गावाच लागतो. तो 'अ'च राहिला पाहिजे, त्याचा 'आ' होता कामा नये. मास्तर यासाठी आम्हाला वीस वीस वेळा थांबवत. 'ळ'वर सूर ताणायचा नाही, त्याच्या आधीच्या स्वरावर ताणायचा आणि 'ळ' शेवटी हलकेच टेकवायचा. विलायती चालींवर बसवलेल्या जुन्या अनुवादित गीतांत भलत्याच अक्षरावर जोर यायचा. तिथे मास्तर चालीशी तडजोड करत, भाषेशी करत नसत. आताची मुलं यूट्यूबवरचे स्वर इतके तंतोतंत उचलतात की मराठी ओळही सिडनीहून आल्यासारखी ऐकू येते. कोचला सांगितलं तर तो ऐकतो, पण त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षणात मराठीसाठी एकही पान नव्हतं.

नाताळच्या गाण्यांची फेरी आठवते. पेट्रोमॅक्स, मफलर, घरोघर चहा आणि करंज्या, आणि पहाटेपर्यंत दवात गाणं. आवाजाच्या दृष्टीने याहून वाईट काही करता आलं नसतं. पंचवीस तारखेच्या उपासनेत अर्धा क्वायर नुसते ओठ हलवायचा. आता सोसायटीची परवानगी काढतात, स्पीकर बरोबर नेतात आणि कायद्याप्रमाणे रात्री दहाच्या आत आवरतात. घसा शाबूत राहतो. ज्यांना रात्रपाळी आहे, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना झोप मिळते. हे बरंच झालं.

पण अंत्यविधीचं काय? कोणाच्या घरी मयत झाली की क्वायरला बोलावणं धाडावं लागत नसे. कोणी कामावरून, कोणी शाळेतून परस्पर यायचे. कबरस्थानात ऑर्गन नाही, पेटी नाही, वीज नाही. मास्तर काटा गुडघ्यावर मारत आणि या वेळी टेकवायला टेबल नाही म्हणून तो कानाशी धरत. मग बेस, टेनर, आल्टो, सोप्रानो. माती पडत असताना चार आवाज त्या घरच्या माणसांभोवती उभे असायचे, आणि ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता त्यांच्या वतीने ते गायचे. अलीकडे एका दफनाला फोनवर ट्रॅक लावला होता आणि छोटा स्पीकर कबरीच्या कडेला ठेवला होता. वर्शिप टीममधली मुलं आली होती, गुणी मुलं, डोळे भरलेली. त्यांना गायचं होतं. पण ट्रॅकची पट्टी लीडरच्या आवाजाची होती आणि लीडर त्या दिवशी परगावी होता. ट्रॅकशिवाय कुठून सूर धरायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. शिकवायचं काम आमच्या पिढीचं होतं.

माझ्या ओळखीच्या दोघातिघा तरुण कोचना मी अलीकडे हेच सांगते आहे. स्ट्रॉ राहू द्या, आरसा राहू द्या, आजीचा आवाज तर राहू द्याच. महिन्यातून एकदा चार मुलांना एका खोलीत उभं करा, माइक बंद करा, एकच सूर द्या आणि बाकीचे तीन त्यांना शोधू द्या. एकाने करून पाहिलं. पहिल्या दिवशी मुलं हसून हसून बेजार झाली, कारण आल्टो म्हणणारी मुलगी पुन्हा पुन्हा सोप्रानोच्या चालीत ओढली जात होती. तिने शेवटी कानात बोट घातलं. मी म्हटलं, "बोट काढ बाळा. ऐकूनच धरायचं असतं."

आणि आमच्या वयाच्या सगळ्यांना एक मागणं. ट्रंकेत, माळ्यावर, चर्चच्या कपाटात त्या वह्या अजून आहेत. आवराआवरीत रद्दीला घालू नका. आल्टोची वही सापडली तर त्याच गीताच्या टेनरची आणि बेसची कोणाकडे आहे ते विचारा, कारण एका वहीवरून गीत परत उभं राहत नाही. पानांचे फोटो काढा, वर गीताचं नाव, चर्च आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला. सोल्फा वाचणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ती ओळ फोनवर म्हणून घ्या, आवाज कापत असला तरी चालेल, आणि त्या कुठे श्वास घेत असत तेही विचारून घ्या. बहुतेक वह्यांत श्वास कुठे घ्यायचा नाही एवढंच लिहिलेलं आहे.